सोन्याची पाठ

निरगुडसरच्या दादाभाऊंच्या खताच्या दुकानाला यंदा कंपनीकडून बँकॉकची सहल मिळाली. जोडीनं जायची. पण बायको इंद्रायणी माघातच वारली होती. दादाभाऊ नकोच म्हणत होते. शेवटी पुण्याहून ऋषीचा फोन आला, "आबा, जाऊन या. घरात एकटे बसून काय करणार?" मग पोराचं मन मोडवेना, म्हणून ते निघाले.

तिकडचं ऊन आपल्याकडच्यासारखं कोरडं नव्हतं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढावं आणि वाफ तोंडावर यावी, तसं. बाकीचे दुकानदार बायकांना घेऊन बाजाराकडे वळले. अवसरी खुर्दच्या गोरखनं विचारलं, "भाऊ, येताय नव्हं?"

"न्हाई. मी देऊळ बघतो."

"बरं. सांजच्याला बसपाशी या. चुकू नका, राव."

दादाभाऊंनी बाहेरच चपला पिशवीत घातल्या आणि आत गेले. आत बुद्ध आडवा पहुडलेला. उजव्या कुशीवर, हातावर डोकं टेकलेलं, अंगभर सोनं. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक खांबांच्या आड जात होतं. लोक चेहऱ्यापाशी दाटी करून फोटो काढत होते. दादाभाऊ त्या गर्दीत ढकलले जात पायांपर्यंत आले आणि वळून मागच्या बाजूला गेले.

मागे फारसं कुणी थांबत नव्हतं. तिथं फक्त पाठ होती. भिंतीसारखी उंच, गुळगुळीत, शांत. ती बघितली आणि दादाभाऊंचे पायच उचलेनात.

शेवटच्या दिवसांत इंद्रायणी अशीच निजायची, भिंतीकडं तोंड करून. कळ आली की चेहरा वेडावाकडा व्हायचा, तो नवऱ्याला दिसू नये म्हणून. दादाभाऊ मागे बसून तिच्या पाठीवर हात ठेवायचे. "लई दुखतंय का गं?" "न्हाई वो. तुमी निजा." तिचा चेहरा त्यांना धड दिसलाच नाही. गेली तेव्हाही त्यांच्यासमोर पाठच होती.

भिंतीला लागून पितळेच्या वाडग्यांची रांग होती. एक म्हातारी वाकून एकेका वाडग्यात सुटी नाणी टाकत येत होती. टण्, टण्. दादाभाऊंपाशी येऊन ती थांबली. त्यांच्या गालांवर पाणी होतं, आणि ते पुसायचं त्यांना भानही नव्हतं.

ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली.

"माझी बायको अशीच निजायची," दादाभाऊ म्हणाले. "पाठ करून."

म्हातारीला काय कळलं कोण जाणे. तिनं उरलेल्या नाण्यांतली निम्मी त्यांच्या तळहातावर ठेवली. मग ती पुढं आणि दादाभाऊ मागं, असे दोघं नाणी टाकत रांगेच्या शेवटापर्यंत गेले. तिथं तिचा मुलगा वाट बघत होता. ती त्याचा हात धरून निघून गेली. दादाभाऊ परत फिरले, पाठीचा एक फोटो काढला आणि बस उभी होती तिकडं चालू लागले.

गावी आल्यावर दुकानात जो तो विचारायचा, "काय बघितलं, भाऊ?" दादाभाऊ म्हणायचे, "लई उकडत व्हतं." लोक हसायचे आणि कांद्याच्या औषधाचं विचारायचे.

एका दुपारी पुण्याहून आलेली सून संस्कृती त्यांच्या मोबाईलवर फोटो बघत बसली होती. "आबा, हा कशाचा काढलाय? नुसती पिवळी भिंत दिसतेय."

"भिंत न्हाई. पाठ हाये ती."

"कुणाची?"

दादाभाऊंनी बुद्धाचं सांगायला सुरुवात केली आणि बोलता बोलता इंद्रायणीवर आले. भिंतीकडं तोंड करून निजायची, ते सांगितलं. संस्कृतीनं मोबाईल बाजूला ठेवला.

मग हळूच म्हणाली, "आईंना फार दुखायचं का हो, आबा?"

इतक्या महिन्यांत हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं.

"व्हय," दादाभाऊ म्हणाले. "लई दुखायचं."