थोडी वाकडीच राहू दे

मी एक जुनी लाकडी रॅकेट आहे, मित्रांनो, आणि तीही राखीव. त्यामुळे माझी कहाणी ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मलाच खात्री नाही.

पातळ पट्ट्या वाफेवर वाकवून, चिकटवून कारागिराने मला घडवले. माझी मालकीण व्यावसायिक टेनिसपटू. भरल्या मैदानांवर ती 'लाडकी' रॅकेट घेऊन खेळे. मी पिशवीतून टाळ्या ऐकत असे. लाडकीची तार तुटली, तरच माझी वर्णी लागे. पण खेळ संपला की ती आम्हा दोघींनाही लाकडी चौकटीत घालून स्क्रू आवळायची. दमट हवेत लाकूड वाकते ना!

पुढे तिचा खांदा निकामी झाला. लाडकी संग्रहालयात काचेआड गेली, मी माळ्यावर, चौकटीविना. मग तिच्या नवऱ्याने मला गाद्या झोडपायला काढले. मी पार वाकडी झाले. मालकीण तर मैदानाकडे फिरकेनाच.

एके दिवशी तिची जुनी प्रतिस्पर्धी आली. लांब मानेमुळे सगळे तिला जिराफ म्हणत.

"हात वर जात नाही ना? मग खालून सर्व्हिस कर."

"खालून? लोक हसतील गं!"

"हसू देत की! का माझ्याकडून हरायची भीती वाटते?"

हे मात्र वर्मी लागले. "रविवारी ये," मालकीण म्हणाली. नवऱ्याने लगबगीने मला नव्या तारा घालून आणल्या. गाद्यांचे पाप फेडले म्हणा ना!

रविवारी मालकीण मला घेऊन मैदानावर उतरली. मी दगा दिला, तर ती पुन्हा कधीच खेळणार नव्हती. तिने खालून हलकेच चेंडू मारला. माझ्या वाकडेपणामुळे तो गरगरत गेला आणि टप्पा पडताच भलतीकडेच वळला. जिराफ हवेत रॅकेट फिरवून स्वतःच गोल फिरली.

"अगं, हा काय चावटपणा?"

"चावटपणा नाही, सर्व्हिस आहे!" मालकीण खांदा धरून हसत सुटली.

हरली ती, अगदी थोडक्यात. पण "पुढच्या रविवारी?" हे तिनेच विचारले.

घरी नवऱ्याने जुनी चौकट शोधून काढली आणि मला तीत घालून स्क्रू आवळू लागला.

"अहो, बस! थोडी वाकडीच राहू दे. आमचं आता जमलंय."

मित्रांनो, जुन्या वस्तू माळ्यावर टाकून विसरू नका. त्यांना पुसा, कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून वापरा. आणि गाद्या झोडपायला, कृपा करून, दुसरे काहीतरी शोधा.