पहाटेचं पान

हवा पालटली की बन्सीचं डोकं फिरायचं. दिवाळीपर्यंत माणूस गुणाचा. मार्गशीर्षात थंडी पडली की जीव वरखाली, झोप उडालेली आणि हात सारखे काहीतरी करायला शिवशिवणारे. आणि नेमकं याच दिवसांत मोसंबीच्या बागेत काही करायचं नसतं. पाणी तोडायचं आणि गप्प बसायचं. झाड चांगलं महिना-दीड महिना तहानलेलं राहिलं, की मग पाण्यासरशी फुलांनी लगडतं.

गेल्या साली विसाव्या दिवशीच बन्सीला झाडांची दया आली. भर दुपारी त्यानं विहिरीवरची मोटार चालू केली. बाग हिरवीगार झाली, फूल मात्र औषधालाही नाही. थोरले भाऊ पुंजाराम म्हणाले, "अजून एक साल बघतो. बहार नाय धरला तर झाडं उपटून ऊस लावू." बन्सीची बायको सरूबाई हे ऐकून तशीच उठून बागेत गेली. चितेगावच्या त्या रानातली ऐंशी झाडं तिनं नवी नवरी असताना डोक्यावर हंडे वाहून जगवली होती.

बन्सीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो शहरात गुलमंडीजवळच्या एका डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं नाडी बघितली, सगळं ऐकून घेतलं आणि गोळी न देता सांगितलं, "रोज पहाटे दहा मिनिटं बसा. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढं बघा. समोर एखादी वस्तू धरा, तीही नुसती बघा. करायचं काही नाही."

"काहीच करू नका, याची फी घेतली लेकाच्यानं!" बन्सी घरी येऊन करवादला.

"मंग बसा की," सरू म्हणाली. "फी तरी वाया जाऊ देऊ नका."

तर यंदा पाणी तोडलं त्या दिवसापासून बन्सी कानटोपी घालून बांधाजवळच्या झाडाखाली बसू लागला. खालच्या फांदीचं एक पान समोर धरलं. पहिले चार दिवस श्वास कमी आणि पुंजारामच जास्त दिसले. मग हळूहळू पान दिसायला लागलं. शिरा, कडेचा डाग, त्यावरचं दंव.

पंचविसाव्या दिवशी थंडी एकाएकी ओसरली आणि दुपारचं ऊन तापलं. शेजारचा कडूबा बांधावरून ओरडला, "बन्सी, झाडं मारतो का रं? म्या तर कालच पाणी सोडलं!" बागेतलं पान न् पान मुडपलं होतं, खाली पिवळा सडा पडला होता. बन्सी तरातरा विहिरीवर गेला आणि स्टार्टरच्या बटणावर बोट ठेवलं.

सवयीनं त्याचं लक्ष श्वासाकडे गेलं. भाता चालला होता नुसता. घाई तर मला झालीय, त्याच्या ध्यानात आलं. झाडाचं काय? झाडाचं त्याला ठाऊक होतं. रोजचं ते पान आज पहाटे सपाट, ताठ होतं. दुपारी मिटतं, रात्रीतून सावरतं, म्हणजे झाडात अजून दम आहे. गेल्या साली त्यानं झाडांकडे फक्त दुपारीच बघितलं होतं. त्यानं बोट काढून घेतलं.

पुढं सोळा दिवसांनी पहाटेही ते पान मुडपलेलंच राहिलं. बन्सी शांतपणे उठला, विहिरीवर जाऊन बटण दाबलं. मोटार ढिम्म. मागून सरू आली आणि तिनं कनवटीचा फ्यूज काढून पुढं केला.

"पाणी तोडलं त्याच दिशी काढून ठिवला व्हता."

"म्हंजी त्या दुपारी म्या बटण दाबलं असतं तरी..."

"काय बी झालं नसतं. पर तुमी दाबलं नाय. विहिरीमागं उभी राहून बघितलं म्या." तिचे डोळे भरून आले.

बन्सीला खरं तर राग यायला हवा होता. त्याला हसूच फुटलं.

तीन आठवड्यांत बाग अशी फुलली की पान दिसेना. पुंजाराम बांधावर येऊन वास घेत उभे राहिले आणि उसाचा विषय पुन्हा निघाला नाही. कडूबाच्या बागेतही पालवी लई झकास आली होती, नुसती पालवीच.

पुढच्या मार्गशीर्षात पाणी तोडल्यावर बन्सीनं हळूच स्टार्टरची पेटी उघडून बघितली. फ्यूज जागच्या जागी होता.