पुढच्या तारखेचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, दवनीवाड्याजवळच्या एका गावात बुद्धविहाराच्या ओसरीत टांगलेला. माझ्यावर ना बेरीज झाली, ना बाराखडी. माझ्यावर हायकोर्ट झालं, आणि तेही धड झालं नाही!

१९९९ साली गोंदिया जिल्हा झाला, त्याच वर्षी सुताराने मला घडवलं. कारण होतं गावची बोडी, म्हणजे धानाला पाणी पुरवणारं छोटं तळं. ती आपल्याच शेतात येते म्हणून गावातल्याच ग्यानीरामने तिला तारेचं कुंपण घातलं आणि पाट बुजवला. खालच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, कोरड्या पडल्या. सगळ्यांत खालची बांधी पार्वताबाईंची. गावकरी नागपूरला हायकोर्टाच्या खंडपीठात गेले.

गावचे हिरालाल गुरुजी गोंदियाला जाऊन वकिलाला फोन करत आणि गावात येऊन बातमी माझ्यावर लिहीत. सुरुवातीला काय थाट होता माझा! 'याचिका दाखल' एवढं लिहिलं तरी ओसरी भरायची. नोटीस म्हणजे काय, दोन न्यायमूर्ती एकत्र का बसतात, गुरुजी सगळं समजावत. न्याय माझ्याच अंगावर उमटणार, असं मला वाटायचं.

पुढे एकच ओळ उरली. वकील गैरहजर, तारीख. सरकारचं उत्तर आलं नाही, तारीख. न्यायमूर्तींची बदली, तारीख. गुरुजी वैतागले. त्यांनी पेंटर बोलावून 'पुढची तारीख' ही अक्षरं माझ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने कायमची रंगवून घेतली. खाली खडूसाठी बोटभर जागा ठेवली. "मले कोनी इचारू नका, फळा वाचा," असं सांगून ते मोकळे झाले. मला तेव्हाच राग आला होता. पण फळ्याला कोण विचारतो?

२००८च्या फेब्रुवारीत गुरुजी तापाने फणफणत शेवटच्या बसने आले. त्या बोटभर जागेत त्यांनी बारीक अक्षरांत लिहिलं, 'निकाल लागला. तीन महिन्यांत तहसीलदारांकडे मोजणीचा अर्ज करा. बोडी गावची निघाली तर कुंपण हटेल.' सकाळी त्यांची मुलगी अल्का त्यांना आमगावला घेऊन गेली. ताप डोक्यात चढला आणि कित्येक आठवडे त्यांना बोलताच येईना.

पार्वताबाईंना वाचता येत नाही. त्यांनी ओसरीसमोरून चाललेल्या, गावातल्याच उमेंद्रला विचारलं, "काय लिवलन गा गुरुजीनं?"

उमेंद्रने सायकलवरूनच मान वळवली. "आनखी काय, मावशी! तारीखच असंल."

असंल म्हणे! अरे, दोन पावलं पुढे ये, खाली बघ! मी नुसता तळमळत राहिलो. सगळं गाव माझ्यासमोरून येत-जात होतं आणि एकालाही थांबावंसं वाटलं नाही. इतकी वर्षं तारीख वाचून वाचून त्यांनी मला वाचणंच सोडलं होतं.

मे संपता संपता गुरुजी काठी टेकत परतले. ओसरीत बसताच म्हणाले, "अर्ज देल्ला ना?"

"कायचा अर्ज?" पार्वताबाईंनी विचारलं.

गुरुजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. उमेंद्र जवळ आला आणि त्याने पुसट झालेला खडू मोठ्याने वाचून दाखवला. मुदत टळून गेली होती. पार्वताबाई उठल्या. घरून विळा आणून त्यांनी ती रंगवलेली अक्षरं खरवडून काढली. माझं लाकूड सोललं गेलं. दुखलं, पण बरंही वाटलं.

आता मुदत वाढवून मागायला गाव पुन्हा हायकोर्टात गेलं आहे. रोज संध्याकाळी पार्वताबाई कोणाला तरी हाताला धरून माझ्यापुढे आणतात. "बोट ठेवून वाच. असंल-बिसंल मले नोको सांगू."

मित्रांनो, माझी निगा राखायची असेल तर मला रंग लावू नका. माझ्यावर जागा मोकळी ठेवा आणि जे लिहिलं असेल ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. आजही माझ्यावर तारीखच आहे, पण ती खडूची आहे. पार्वताबाईंची बांधी मात्र अजून कोरडीच आहे.