बिनमिठाची नोकरी

मी एक जुने पातेले आहे. पण मित्रांनो, एवढ्यावरून मला मोडीत काढू नका. माझ्या भाईबंदांनी जन्मभर दूध तापवले आणि निम्मे उतू घालवले. मी मात्र एका प्रयोगशाळेत चांगली रीतसर नोकरी केली आहे.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यातला. ॲल्युमिनियमची गोल चकती यंत्राखाली दाबली, कडा वळवल्या, दोन कान ठोकले, की झालो मी तयार. मला विकत घेतले ते बाबांनी. बाबा बसवर कंडक्टर होते. घरी नेताना त्यांनी मला बसच्या पायरीवरून खाली पाडले. तो पोचा अजून माझ्या कमरेवर आहे. 'पातेल्यानं तिकीट काढलं नव्हतं, म्हणून उतरवलं,' असे ते पुढे कितीतरी वर्षे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असत.

बाबांच्या मुलीला सगळे ताई म्हणत. ताई शिकून माशांची संशोधक झाली. ज्या प्रयोगशाळेत ती लागली तिथे हौद होते, सूक्ष्मदर्शक होते, थंड कपाटे होती. चवीच्या चाचणीसाठी मासे उकडायला मात्र काहीच नव्हते. वाफेच्या यंत्राची मागणी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. ताईला दम कुठला! एके दिवशी तिने मला घरून उचलले, पिशवीत घातले आणि थेट कामावर नेले. घरी मी चांगले चमचमीत खाल्लेले. इथे एकदम पथ्य. तेल नाही, मसाला नाही, मिठाचा कणसुद्धा नाही. तळाशी पाणी, वर जाळी आणि जाळीवर माशाचे तुकडे. चव माशाची कळायला हवी, मसाल्याची नव्हे, हा तिथला नियम. सुरुवातीला मला फार अळणी वाटले, मग सवय झाली.

ताईचा ध्यास काय आहे, ते मला मावशींमुळे कळले. मावशी तिथे झाडलोट करायच्या. एकदा त्यांनी कंबरेवर हात ठेवून विचारले, "ताई, एवढ्याशा अंड्यांना सुया कसल्या टोचता हो? माझ्याच्यानं सुईत दोरा ओवत नाही."

ताई हसली. "मावशी, मासा मेला तरी त्याच्या अंगातली सगळी कामं लगेच थांबत नाहीत. मांसाला गोडी देणारं एक द्रव्य असतं. दुसरं एक द्रव्य त्याला हळूहळू तोडत राहतं. मग गोडी जाते, कडवटपणा येतो, वास सुटतो. ते तोडणारं द्रव्य कसं बनवायचं, ही सूचना माशाच्या जनुकात असते. मी अंड्यातच तेवढ्या सूचनेत बारीकसा बदल करते."

"म्हणजे तुमचा मासा शिळा होतच नाही?"

"होणार, पण सावकाश होईल, असं मला वाटतंय. मासा लांबच्या बाजारात पोचेपर्यंत किती वाया जातो, बघितलंय ना तुम्ही? जीव घ्यायचा आणि उकिरड्यावर टाकायचा. मला नाही बघवत."

बदललेली पिले हौदात मोठी झाली. त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या, खायला हरकत नाही असा निर्वाळा आला आणि माझे भरभराटीचे दिवस सुरू झाले.

चव घ्यायला माणसे पुरेशी मिळेनात. म्हणून मावशी बसल्या, प्रयोगशाळेच्या गाडीचा चालक बसला आणि नुकतेच निवृत्त झालेले बाबाही येऊ लागले. माझी शेगडी आणि चवीचे टेबल यांच्यामध्ये एक जुना पडदा लावलेला होता; त्याच्या फटीतून मला पलीकडचे दिसे. टेबलावर कुणी बोलायचे नाही, तोंड वाकडे करायचे नाही, दोन घासांच्या मध्ये पाण्याने चूळ भरायची. एका ताटलीत तळ्यातला साधा मासा, दुसरीत ताईचा. ताटल्यांवर नुसत्या खुणा; कुठल्या खुणेत काय आहे ते एकट्या ताईला ठाऊक, आणि ताटल्या मांडायचीही तीच. बाबा मध्येच "चूळ भरा, पुढे सरका!" म्हणत आणि ताई डोळे वटारी.

आणि काय सांगू मित्रांनो, दरवेळी ताईच्याच माशाला भरभरून गुण! ताजा असो की आठवडाभर बर्फात ठेवलेला असो, सगळे त्याचेच कौतुक करीत. प्रयोगशाळेचे मोठे साहेब फुलून गेले. त्यांनी बाहेरच्या पाहुण्यांना बोलावणे धाडले. पाहुण्यांना पटले तर ताईला मोठी तळी मिळणार होती. माझाही मान वाढला. "हेच का ते भाग्यवान पातेलं?" असे म्हणत साहेबांनी माझा कान धरला. हात भाजला, ती गोष्ट वेगळी.

पाहुणे यायच्या आधीची शेवटची चव होती. ताटल्या भरून झाल्या आणि तेवढ्यात ताईला हौदाकडून हाक आली. पाण्यात हवा सोडणारा पंप बंद पडला होता. "मावशी, तेवढ्या मांडा," असे सांगून ती धावली. मावशींनी ताटल्या मांडल्या आणि त्या आपल्या जागी बसल्या. पण कुणी खाईना. चालक बाबांकडे बघतोय, बाबा ताटल्यांकडे बघताहेत. शेवटी बाबांनीच हळूच विचारले, "मावशी, यातली पोरीची कुठली हो?"

"मला काय ठाऊक? मीच तुम्हाला विचारणार होते."

पंप चालू करून ताई परतली होती आणि पडद्याशी उभी होती. "बाबा, म्हणजे एरवी तुम्हाला कळतं?"

बाबा गडबडले. मग खरे बोलले. "कळतं गं. आपली ताटली ठेवताना तुझा हात जरा रेंगाळतो. सगळ्यांनाच कळतं."

मावशींनी मान खाली घातली. चालकाने उगाच चूळ भरली. ताई माझ्या शेजारच्या स्टुलावर मटकन बसली.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही मासा चाखलाच नाहीत. माझं मन राखलंत."

"अगं, दिवसदिवस तू त्या हौदांपाशी. धड जेवण नाही, झोप नाही. दोन गुण जास्त दिले तर काय बिघडलं?"

"सगळंच बिघडलं, बाबा. माझा मासा चांगला आहे की नाही, हे आता मलाच माहीत नाही."

मला फार वाईट वाटले. ती माणसे लबाड नव्हती हो. त्यांचा तिच्यावर जीव होता, आणि त्या जिवापायीच त्यांनी तिला अंधारात ठेवले होते.

ताई गप्प बसली असती तर बाहेर कुणाला काही कळले नसते. पण ती तडक साहेबांकडे गेली आणि आधीच्या सगळ्या चवी रद्द करा म्हणाली. परतली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. साहेबांनी पाहुण्यांना सध्या येऊ नका म्हणून कळवले होते. ताईला आणखी एकच संधी मिळाली. फरक दिसला नाही तर हौद रिकामे करून दुसऱ्या कामाला द्यायचे ठरले.

या खेपेला खुणा साहेबांनी घातल्या. ताटल्या मांडायला फाटकावरचा रखवालदार बोलावला, कारण त्याला मासा म्हणजे मासा, यापलीकडे काहीच ठाऊक नव्हते. ताई पडद्याच्या अलीकडे माझ्याजवळ उभी राहिली, माझे झाकण छातीशी धरून.

आधी ताजे मासे गेले. बाबांनी खाल्ले, चूळ भरली, पुन्हा खाल्ले. गुण लिहून झाल्यावर बोलायला मोकळीक होती. "मला तर दोन्ही सारखेच लागले," ते म्हणाले. मावशी तेच म्हणाल्या, चालकही तेच म्हणाला. ताईने डोळे मिटून घेतले. मग बर्फात आठवडा काढलेले मासे गेले. पलीकडे एक ताटली सरकल्याचा आवाज आला. मग बाबांचा आवाज आला आणि तो कापत होता.

"पोरी, गोल खुणेची ताटली मी बाजूला सारलीये. तुझी असली तर मला माफ कर. पण घास गिळवला नाही गं मला."

साहेबांनी आपल्या खुणा ताडून पाहिल्या. मग एकदा घसा खाकरून ते म्हणाले, "गोल खुणेत तळ्यातला साधा मासा आहे."

मावशींनी आणि चालकानेही आपापली गोल खुणेचीच ताटली सारली होती. ताईचा मासा तिघांनीही खाल्ला होता. ताई पडदा सारून पलीकडे गेली तर बाबा तोंडावर रुमाल धरून रडत होते. "मला वाटलं, तुझे हौद मीच रिकामे केले," ते म्हणाले. ताईने त्यांना मिठी मारली आणि मग तीही रडली. रखवालदार बिचारा गोंधळून सगळ्यांना पाणी देत सुटला.

पुढे पाहुणे आले. आपल्या माशाची चव ताज्या माशाहून वरचढ नाही, ती फक्त जास्त दिवस टिकते, असे ताईने त्यांना सरळ सांगून टाकले. साहेबांना जरा मोठी बढाई मारायची होती, त्यांचा हिरमोड झाला. पण हौद राहिले, आणि वर्षभरात तळीही मिळाली.

माझे मात्र दिवस फिरले. वाफेचे यंत्र एकदाचे आले. चकचकीत, बटणांचे. मला मोरीखाली सरकवले आणि माझ्यात ओली फडकी टाकली. तळाला काळे डाग पडले, एक कान सैल झाला. ज्याच्या भोवती एवढी माणसे जमत, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघेना. एक दिवस बाबा ताईचा डबा घेऊन आले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी फडकी काढली, मला बगलेत मारले आणि कुणाला न विचारता घरी आणले.

आता बाबा उतारवयात स्वयंपाक शिकत आहेत. परवा सुट्टीला ताई जेवायला आली होती. बाबा सकाळपासून खपले होते. माझ्यातले बटाटे त्यांनी तिला वाढले आणि समोर बसून विचारले, "कसे झालेत?"

ताईने घास घेतला. "बाबा, खाली लागलेत. करपट वास येतोय."

बाबांनी चाखून पाहिले. "खरंच की गं! पुढच्या वेळी आच कमी ठेवतो." त्यांच्या चेहऱ्यावर जराही नाराजी नव्हती. उलट ते तिच्याकडे फार समाधानाने बघत होते. जेवण झाल्यावर दोघांनी मिळून माझा करपलेला तळ घासला.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना मोरीखाली कुजवू नका, कोरडी करून ठेवा, एवढे तर मी मागणारच. पण आणखी एक मागतो. तुमच्यासाठी कुणी जिवापाड राबून काही पुढे ठेवले आणि 'कसे झाले?' असे विचारले, तर त्याच्यावर माया असेल तेवढे खरे सांगा. सांगताना आवाज कापला तरी चालेल. बाबांचाही कापला होता.