दोनदा पुकारणारा डबा

मी एक जुना बोलका डबा आहे, मित्रांनो. डोळ्यांच्या दवाखान्यात, बाकांच्या वर, भिंतीला टांगलेला. डबा मी, पण आवाज बाईचा! एका बाईंनी आठ दिवस बंद खोलीत शब्द वाचले, कॉम्प्युटरने त्यांचे तुकडे केले आणि गोधडी जोडावी तसा माझा आवाज जोडला. प्रत्येक नंबर दोनदा पुकारायचा आणि पुढे जायचं, एवढीच मला विद्या.

पण काय सांगू, माणसागणिक माझा आवाज निराळा! खाडीपलीकडचे लोक दबकून बसत. "बाई चिडल्यात वाटतं, आवाजात जरा म्हणून हेलकावा नाही." डोंगराकडचे म्हणत, "किती मायाळू! एकदाही आवाज चढवत नाही." शहरातले मला पंख्याच्या घरघरीत जमा धरत. एका मिशीवाल्या आजोबांनी तर पुतण्यासाठी माझी सोयरीक विचारली. खोटं वाटतं? कंपाउंडरला विचारा, माझं वय सांगताना त्याचीच बोबडी वळली होती.

एकदा रानापलीकडच्या वस्तीतली एक आजी एकटीच आली. उजवा डोळा गेलेला, डाव्यात थोडा उजेड उरलेला. मोठे डॉक्टर महिन्यातून एकदाच येत. तिचा नंबर एकेचाळीस. मी पुकारलं. आजीने मान वर केली, पिशवी मांडीवर घेतली. पण उठली नाही. पुन्हा पुकारलं. ती कान देऊन बसूनच. कंपाउंडर आत कुणाच्या डोळ्यांत थेंब घालत होता. ऊठ गं आजी, ऊठ, असं मनात आलं. तोंडातून मात्र बेचाळीस निघालं.

बाक रिकामे झाले तेव्हा कंपाउंडर बाहेर आला.

"अहो आजी, नंबर केव्हाच गेला तुमचा!"

"गेला कसा? दोनच तर हाका मारल्या."

"मग उठायचं नाही का?"

"तोंड दिसत नाही त्याच्या दोन हाकांना आमच्यात उठत नाहीत, बाळा. भुतंही दोनदा हाक मारतात. तिसरी मारतं ते माणूस."

"ती माणूस नाहीच, आजी. मशीन आहे ते."

"अगं बाई! मग उठले नाही तेच बरं."

कंपाउंडर हसला आणि मग खिडकीबाहेर बघू लागला. डॉक्टरांची गाडी फाटकाबाहेर पडली होती.

"आता पुढच्या महिन्यात या."

"तोवर हा डोळा थांबेल ना रे?"

त्याने चिठ्ठीवर पुढची तारीख लिहून दिली. मला तर तेवढंही करता येत नव्हतं.

पुढच्या महिन्यात आजी सुनेचा हात धरून आली. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "महिनाभर आधी यायला हवं होतं."

"आले होते," आजी म्हणाली.

आणि मी पुढचा नंबर पुकारला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. हाक मारायचं काम खुशाल माझ्यावर सोपवा. पण बाकावर कोण बसून राहिलंय ते जरा उठून बघत जा. मला भिंतीवरून उतरता येत नाही.