सायलेन्सरच्या तोंडातला बोळा

मी बोलतोय, एका जुन्या मोटारसायकलचा सायलेन्सर. आज ऐकूनच घ्या. उभा जन्म मी इंजिनाचा आरडाओरडा गिळला, त्याचा धूर प्यालो, कधी ब्र काढला नाही. आणि कौतुक कुणाचं? इंजिनाचं! अहो, मी नसतो तर अख्ख्या गल्लीनं कानात बोटं घातली असती.

नवा होतो तेव्हा माझ्यात पाहून भांग पाडावा असा चकाकत होतो. मालक घड्याळं दुरुस्त करायचे, स्वभावही तसाच काटेकोर. एकदा माझ्यात गांधीलमाशीनं घर केलं आणि त्यांच्या पोटरीला डसली. तेव्हापासून गाडी शेडात लावली की माझ्या मागच्या तोंडात जुन्या बनियनचा बोळा कोंबायचा, सकाळी काढून खिशात घालायचा आणि मगच किक मारायची, हा त्यांचा नेम. घरात कुणाला हे ठाऊक नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे त्यात, असं त्यांना वाटत असणार.

मग पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. गाडी शेडात राहिली आणि बोळा माझ्या घशात.

परवा त्यांच्या मुलीला बेकरीत पहाटपाळीची नोकरी लागली. त्या वेळी बस नाही, गाडी चालली नाही तर नोकरी गेली. बिचारीनं किका मारून घोटा सुजवून घेतला, गाडी ढिम्म. मिस्त्री आला. त्यानं पेट्रोल बदललं, प्लग बदलला आणि इंजिन उघडावं लागेल म्हणून जाहीर केलं. इंजिन उघडायचं तर आधी काय उतरवायचं? मला!

माझे नट गंजलेले. त्यानं तेल सोडलं, आच दिली, पाना लावला. तरी हलेनात म्हणून हातोडा घेतला. अरे, मागून बघ, मागून, असं मी जीव तोडून सांगत होतो, पण तोंडात बोळा असलेल्याचं ऐकतो कोण? मला पोचा पाडून खेचलं आणि भिंतीशी भिरकावलं.

इंजिन उघडण्याआधी मिस्त्रीनं सहज एक किक मारली. धडाडून सुरू! मुलीला तर आनंदानं काय करू नि काय नको असं झालं.

"इंजिन ठणठणीत आहे, ताई," मिस्त्री म्हणाला. "हा सायलेन्सरच आतून कुजलाय. भंगारात टाका."

कुजलाय? मी? संतापानं माझा उरलासुरला मुलामा गळायचा बाकी होता.

ती मिस्त्रीला चहाला आत घेऊन गेली, तेवढ्यात मालक काठी टेकत शेडात आले. मला पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. स्टुलावर बसले, खिशातून घड्याळाचा लांब चिमटा काढला आणि हळूहळू बोळा ओढून काढला. तेवढ्यात मुलगी आणि मिस्त्री परत आले. वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी बाजू घेतील. कसलं काय! बोळा गुपचूप खिशात गेला.

"नवा नको. हाच बसवा," एवढंच म्हणाले.

बाबांचा जुन्या वस्तूंत जीव अडकतो, असं मुलगी मिस्त्रीच्या कानात बोलली. त्यानं नाइलाजानं मला बसवलं आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. हातोड्याच्या ठोक्यांनी आतली काजळी सुटली असणार, असं त्याचं म्हणणं. म्हणजे श्रेयही हातोड्याला!

संध्याकाळी मालक पुन्हा आले, हातात तोच बोळा. मी मनात नको नको ते बोललो. त्यांनी तो कोंबलाच, पण या वेळी वीतभर टोक बाहेर लोंबत ठेवलं.

पहाटे मुलीला ते दिसलं. तिनं ओढून काढलं, उलगडलं, बाबांचं बनियन ओळखलं आणि गाडी कशानं अडली होती ते तिच्या ध्यानात आलं. मग खिडकीकडे वळली.

"बाबा, जागे आहात ना?"

खिडकीतला दिवा पटकन विझला. ती हसली आणि बोळा खिशात घालून गाडीवर बसली.

झालं, बापलेकीचं मिटलं. माझी माफी कुणी मागितली? माझा पोचा कुणी पाहिला? तुम्ही तरी एक करा, कुणाला भंगारात काढण्याआधी त्याच्या तोंडात आपणच काही कोंबलंय का, तेवढं बघत जा. मला तर त्या पहाटे गल्ली दणाणून सोडायची होती. पण माणसं झोपली होती, म्हणून सगळं गिळलं आणि तिला हळूच कामावर पोचवलं.