लाइनमन घरी नाही

फोन कंपनीचं पत्र जूनमध्ये आलं. आमच्या गल्लीतल्या तांब्याच्या जुन्या तारा काढायच्या आहेत, तीस सप्टेंबरच्या आत कळवा, असं त्यात होतं. खाली दोन चौकोन. नवी केबल घेऊन हाच नंबर ठेवायचा असेल तर पहिल्यात खूण करा, फोन बंद करायचा असेल तर दुसऱ्यात. काहीच कळवलं नाही तर लाइन आपोआप बंद.

पॉपने, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते पत्र वाचलं, फ्रिजवर चुंबकाखाली लावलं आणि म्हणाला, "सिनेमा येऊ दे. मग बघू."

"पॉप, या फोनवर येतं कोण? छपराला सोलर लावा म्हणणारे आणि चुकून डेंटिस्टला शोधणारे."

"डेंटिस्टवाल्याशी मी परवा दहा मिनिटं बोललो. भला माणूस आहे. अक्कलदाढ काढायचीय त्याची."

माझी मुलगी विनी तेव्हा पाच महिन्यांची होती आणि माझ्या खांद्यावर नुकतीच झोपली होती. माझा नवरा डेल एप्रिलमध्ये नौदलाच्या पाणबुडीवर गेला होता. तिथून फोन येत नाही. कधीतरी चार ओळींचा मेल येतो, तोही दुसऱ्या कुणीतरी आधी वाचलेला. ग्रॉटनच्या क्वार्टरमध्ये एकटीने बाळ सांभाळण्यापेक्षा मी अँसोनियाला पॉपकडे राहायला आले होते. तेव्हा फोनची वाट बघणाऱ्या माणसाला हसण्याचा हक्क मला फारसा नव्हता.

पॉपचं नाव ऑर्लँडो पेट्रिलो. हे नाव तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही. तो कॉमिकच्या पुस्तकांत अक्षरं लिहायचा. कथा एकजण लिहिणार, चित्रं दुसरा काढणार, आणि बोलण्याचे ते पांढरे फुगे पॉपकडे येणार. तो बोरू घेऊन एकेक अक्षर हाताने भरायचा. आठवड्यातून तीन दिवस गाडीने न्यूयॉर्कला जायचा, कधी तिथेच कुणाच्या सोफ्यावर झोपायचा. आई इथे एकटी.

अशाच एका आठवड्यात, १९८४ साली, त्याच्या हातून ती चूक झाली.

'लाइनमन' नावाचा एक नायक होता. फारसा न खपणारा. दिवसा टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडायचा, आणि तारेला हात लावला की तिच्यातून जाणारं सगळ्यांचं बोलणं त्याला ऐकू यायचं. कुणी रडत असेल तर तिकडे जायचा. बस, एवढीच त्याची शक्ती. ना उडता यायचं, ना भिंत फोडता यायची. अकराव्या अंकात त्याने एका हरवलेल्या मुलाला फोनबूथमध्ये आपला नंबर दिला.

आता, सिनेमात किंवा कॉमिकमध्ये फोन नंबर द्यायचा तर तो पाच-पाच-पाचने सुरू होणारा द्यायचा, हे या धंद्यात झाडू मारणाऱ्यालाही माहीत असतं. तो नंबर कुणाच्याच घरी वाजत नाही. लेखकाने जागा मोकळी सोडली होती, 'इथे नंबर'. पॉप तीन दिवस घरी गेला नव्हता. त्याने आमच्या घरचा नंबर लिहिला. कुणाच्या लक्षात आलं नाही, अंक छापून बाजारात गेला.

पहिला फोन आला तेव्हा आई भांडी घासत होती. पलीकडून एक मूल म्हणालं, "लाइनमन आहे का?" आईला पॉपच्या कामाची माहिती होती, एका क्षणात तिच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "तो तारेवर आहे, बाळा. जेवायला आला की सांगते. काय निरोप देऊ?"

मुलांनी निरोप दिले. कुणाचं कुत्रं हरवलेलं, कुणाचे आईबाप भांडत होते, कुणाला नुसतंच विचारायचं होतं की उंचावर भीती वाटते का. आई ते हाताला लागेल त्या कागदाच्या पाठीवर लिहायची आणि फ्रिजवर लावायची. मासिकाने पुढच्या अंकात चूक दुरुस्त केली, चौदाव्या अंकानंतर लाइनमनच बंद पडला, तरी जुने अंक हातोहात फिरत राहिले. माझ्या लहानपणापर्यंत फोन येत होते. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांना असे फोन येतात.

आई जाऊन तीन वर्षं झाली. फोन त्याच्या कितीतरी आधीच थांबले होते. आणि आता, चाळीस वर्षांनी, लाइनमनवर सिनेमा येत होता.

डर्बीला हर्शेलचं कॉमिकचं दुकान आहे. पॉप दर बुधवारी तिथे जातो, नवे अंक बुधवारी येतात म्हणून. ऑगस्टमध्ये एकदा मी विनीला घेऊन बरोबर गेले. खिडकीत लाइनमनचं पोस्टर होतं, कोपऱ्यात, अर्धं एका नावाजलेल्या नायकाच्या पुठ्ठ्याच्या पुतळ्याआड.

"लँडो, राग मानू नकोस," हर्शेल म्हणाला, "पण तुझा लाइनमन म्हणजे फोन बंद पडल्यावर आठवणारा माणूस. आणि आता फोन बंद पडत नाहीत. बॅटरी संपते."

"सिनेमा चांगला असला की चालतो. नाव गाजलेलं असण्याचा काय संबंध?"

"नावाचाच संबंध. लोक थिएटरात जातात ते ओळखीच्या माणसाला भेटायला. ज्याचं चित्र पोरांच्या डब्यावर नाही, चादरीवर नाही, त्याच्यासाठी कोण गाडी काढणार? मी इथे तीस वर्षं बसलोय, लाइनमन मागायला किती जण आले सांगू?"

"सांग."

"तू धरून?"

पॉप हसला. मग म्हणाला, "ओळखीच्याला आपण काय करतो? 'ये, बस' म्हणतो आणि टीव्ही बघत राहतो. अनोळखी माणूस दाराशी आला तर त्याच्याकडे नीट बघतो."

"मी तर दारच उघडत नाही. तू उघडतोस?"

"फिल उघडायची," पॉप म्हणाला.

फिल म्हणजे फिलोमीना, माझी आई. हर्शेलने विनीच्या पायातला मोजा उगाचच नीट केला. मग सँडविचवर पैज लागली. दुसऱ्या आठवड्यात सिनेमा मोठ्या हॉलमध्ये असला तर हर्शेल देणार, नसला तर पॉप.

परतताना पॉपने गाडीत मला सांगितलं की त्याने सिनेमावाल्यांना पत्र लिहिलंय. फोनबूथचा प्रसंग असेल तर नंबर आमचाच ठेवा, माझी हरकत नाही, असं. तिकडून एका मुलीचा फोनही आला होता. ती म्हणाली, बघते.

"म्हणजे समज ना, टेस," तो म्हणाला, "एवढ्या मोठ्या पडद्यावर नंबर. शंभरातल्या एकाने जरी लावून बघितला..."

तेव्हा मला कळलं की चौकोनात खूण का होत नाहीये. सिनेमा चालला तर फोन वाजेल. फोन वाजला तर घरात कुणीतरी बोलेल. त्याला आणखी काही नको होतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी आम्ही मिलफर्डला पहिल्या खेळाला गेलो. पॉपने आईच्या अंत्यविधीनंतर प्रथमच कोट घातला होता. विनीला मी पोटाशी बांधलं होतं. मोठा हॉल, आणि माणसं तेवीस. मी दोनदा मोजली.

सिनेमा वाईट नव्हता. खांबावर चढलेला तो माणूस, खाली सगळं गाव, आणि त्याच्या कानात सगळ्यांचं बोलणं. मग फोनबूथ आला. लाइनमनने त्या मुलाच्या तळहातावर पेनाने नंबर लिहिला. कॅमेरा जवळ गेला.

पाच-पाच-पाच.

मी पॉपकडे बघितलं नाही. अंधारात तो हळूच म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. चुकलो होतो तो मीच."

सिनेमा संपला. असल्या सिनेमांना लोक शेवटच्या नावापर्यंत उठत नाहीत, हे आता लहान मुलांनाही माहीत आहे. सगळी नावं सरकून गेली की अगदी शेवटी एक छोटा तुकडा असतो, पुढच्या सिनेमाची चाहूल देणारा. पॉपला हे ठाऊक होतं, म्हणून कोण थांबतंय ते बघायला तो पडद्याकडे न बघता मागे वळून बसला. पहिलं नाव आलं आणि लोक उठले. कोट, पिशव्या, पॉपकॉर्नचे डबे. एका मुलीने विचारलं, "शेवटी काही आहे का?" तिचा मित्र म्हणाला, "याचा कुठला पुढचा येतोय? चल."

आम्ही तिघं बसून राहिलो. नावं खूप होती. जेवण पुरवणाऱ्यांची, गाड्या चालवणाऱ्यांची, कुत्र्याला शिकवणाऱ्याची. पॉपचं नव्हतं. शेवटी काळा पडदा, आणि झाडू घेऊन आलेला माणूस दारात उभा.

"छान झाला हो," पॉप त्याला म्हणाला, जणू सिनेमा त्यानेच काढला होता.

दुसऱ्या आठवड्यात लाइनमन सगळ्यात लहान हॉलमध्ये गेला, दुपारचा एकच खेळ. पॉपने हर्शेलला सँडविच नेऊन दिलं. हर्शेलने टोमणासुद्धा मारला नाही. घरी आल्यावर पॉप म्हणाला, "अर्धं त्याने मलाच दिलं परत. म्हणजे फारच वाईट अवस्था आहे."

फोन तीन वेळा वाजला. सोलर, सोलर, आणि डेंटिस्टवाला. दाढ काढल्याचं सांगायला.

सव्वीस तारखेला दुपारी मी विनीचे डायपर आणायला दुकानात गेले. परत गाडीत बसले तर ती मागच्या सीटवर झोपलेली. बाळ झोपलेलं असलं की गाडी हलवायची नाही, एवढं मी या आठ महिन्यांत शिकले होते. पार्किंगमध्ये तशीच बसले. समोर ट्रॉल्यांची रांग. डेलचा शेवटचा मेल एकोणीस दिवसांपूर्वीचा, तो पुन्हा वाचला.

मग मला ते सुचलं. आपणच फोन लावावा. आवाज जरा बदलून. सिनेमा बघितला, जुना अंक मिळाला, लाइनमन आहे का. एकदाच. त्याला एक फोन आला असता, आणि मग त्याने कुठल्याही चौकोनात खूण केली असती तरी चाललं असतं. ओहायोहून बोलतेय म्हणायचं हेही मी ठरवलं. नंबर लपवायचं बटण शोधून काढलं.

लावला. टूं, टूं, टूं.

बिझी.

हा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. बिझी. दहा मिनिटांनी, पंधरा मिनिटांनी. सोलरवाले इतका वेळ बोलत नाहीत. मला वाटलं, रिसीव्हर नीट ठेवला गेला नसेल. मग वाटलं, हातातून पडला असेल. आणि पॉपही. त्यानंतर मी विनी उठेल याचा विचार केला नाही.

अंगणात पोचले तेव्हा जाळीच्या दारातून आवाज आला. मी पायरीवर थांबले.

पॉप स्वयंपाकघरात उभा होता. भिंतीवरच्या फोनची वेटोळ्यांची वायर त्याच्या कोपराला गुंडाळली गेलेली.

"नाही, नाही, तुम्ही अजिबात चुकला नाहीत," तो म्हणत होता. "नंबर हाच. सिनेमातला चुकीचा आहे."

थोडा वेळ तो ऐकत राहिला. मग त्याचा आवाज बदलला.

"ती माझी बायको. फिलोमीना... हो, 'जेवायला आला की सांगते'. तेच म्हणायची ती." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, आता ती नाहीये. तीन वर्षं झाली."

मला वाटलं, आता पलीकडून फोन ठेवला जाईल. पण पॉप ऐकतच राहिला. मग त्याने पाय लांब करून खुर्ची ओढली आणि बसला.

पलीकडे कोण होतं ते मला नंतर कळलं. ती नेब्रास्काची बाई होती, मार्लिस नावाची, आता सत्तेचाळीस वर्षांची. ती आठ वर्षांची असताना तिची आई आजारी होती, आणि त्या हिवाळ्यात तिने आमच्याकडे अकरा वेळा फोन केला होता. तिच्या गावात सिनेमाला ती धरून चार माणसं होती. पडद्यावर नंबर आला आणि तिला बसल्या जागी वाटलं, हा नाही. खरा नंबर तिला पाठ होता. तिला लाइनमनशी बोलायचंच नव्हतं. तेव्हाही नव्हतं. तिला फोन उचलणाऱ्या त्या बाईंशी बोलायचं होतं.

"निरोप आहे?" पॉप म्हणाला. "थांबा, लिहून घेतो."

त्याने इकडेतिकडे बघितलं. मग हात लांब करून फ्रिजवरचं कंपनीचं पत्र ओढलं, उलटं केलं आणि लिहायला लागला. ती नीट, सरळ अक्षरं, फुग्यांतली. एकेक शब्द परत विचारत. मध्येच त्याला मी दिसले. त्याने बोट वर केलं, थांब म्हणून.

मी बाहेरच थांबले. विनी जागी झाली होती आणि माझी कॉलर चोखत होती. फोन अजून माझ्या हातात होता, पडद्यावर आमचाच नंबर. एवढ्या मोठ्या सिनेमाला एक फोन, म्हणजे हर्शेलच्या हिशेबी सिनेमा पडलाच. आणि माझा लागला असता तर दोन झाले असते, त्यातला एक खोटा.

बऱ्याच वेळाने पॉपने रिसीव्हरवर हात ठेवला.

"टेस, कंपनीला तुझ्या फोनवरून कळव. पत्र आता पाठवता येणार नाही, त्याच्यावर फिलसाठीचा निरोप आहे."

"काय कळवू?"

"पहिला चौकोन. ही रविवारी परत फोन करते म्हणालीय." आणि पुन्हा फोनमध्ये, "हां, बोला. माझी मुलगी आलीय. नाही, तुम्ही बोला."

मी पायरीवर बसले आणि कंपनीचा नंबर लावला. तिकडे संगीत सुरू झालं, सगळे कर्मचारी व्यस्त आहेत, कृपया लाइनवर राहा. विनीने फोनकडे हात केला. मी तो तिच्या कानाला लावला, आणि आम्ही दोघी लाइनवर राहिलो.